एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स: वैविध्य आणि रिप्रेझेंटेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा पिक्चर बघून उठल्यावर लोक साधारण हेच प्रश्न विचारतात, काही खरंच कुतूहलाने आणि काही जरा चिडून, आणि दोघांनाही नीट उत्तर द्यावंसं वाटतं म्हणून सगळे एकत्र केलेत. पुढे शेवटापर्यंतची गोष्ट येते, तेव्हा बघितला नसेल तर आधी बघून या. काहीच माहीत नसताना बघायची मजा एकदाच मिळते.

प्र. गोष्ट काय आहे, अगदी थोडक्यात?

एव्हलिन वाँग ही चीनमधून अमेरिकेत येऊन राहिलेली बाई, पन्नाशी उलटलेली, नवरा वेमंडबरोबर लाँड्री चालवते. एकाच वेळी तिच्यामागे टॅक्सचं ऑडिट लागलंय, म्हातारे वडील आलेत, मुलगी जॉयला आपल्या गर्लफ्रेंडची आजोबांशी ओळख करून द्यायचीय आणि नवऱ्याकडे घटस्फोटाचे कागद तयार आहेत. अशात टॅक्स ऑफिसच्या लिफ्टमध्ये नवऱ्याच्या अंगात दुसऱ्याच विश्वातला वेमंड येतो आणि सांगतो की विश्वं अगणित आहेत, सगळी धोक्यात आहेत आणि वाचवू शकेल अशी तू एकटीच आहेस. २०२२ चा पिक्चर, दिग्दर्शक दोन, डॅनियल क्वान आणि डॅनियल शायनर्ट, दोघांना मिळून लोक डॅनियल्स म्हणतात.

प्र. मग ही सायन्स फिक्शन आहे, कॉमेडी आहे की फॅमिली ड्रामा?

तिन्ही आहे आणि तिन्ही एकमेकांत इतकं गुंतलंय की वेगळं काढता येत नाही. दुसऱ्या विश्वातल्या स्वतःचं कसब मिळवायचं तर काहीतरी पूर्ण विचित्र, कोणी कधी करणार नाही असं करावं लागतं, म्हणजे लिप बाम खाऊन टाकायचा किंवा मुद्दाम कागदाने बोटं कापून घ्यायची, म्हणजे या जगातला विज्ञानाचा नियमच विनोदी आहे. आणि हीच एव्हलिन का निवडली, तर सगळ्या विश्वांमधल्या एव्हलिनांमध्ये ही सगळ्यात अपयशी, हिने जे जे सोडलं किंवा हिला जे जे जमलं नाही ते दुसरीकडे कुठल्या तरी एव्हलिनला जमलंय. मला वाटतं पिक्चरचं मर्म इथेच आहे, कारण देश सोडून आलेल्या माणसाच्या डोक्यात हा अनेक विश्वांचा खेळ, म्हणजे मल्टिव्हर्स, आयुष्यभर चालूच असतो की तिकडेच राहिले असते तर काय झालं असतं, याच्याबरोबर आलेच नसते तर काय झाले असते मी. एव्हलिन जी विश्वं बघते त्यातल्या एकात ती वेमंडबरोबर गेलीच नाही आणि मोठी सिनेस्टार झाली. ते बघून परत आल्यावर ती नवऱ्याला चक्क सांगते की तुझ्याशिवायचं माझं आयुष्य बघितलं आणि ते फार सुंदर होतं. हसू येतं आणि पोटात कालवतं, एकाच वाक्यात.

प्र. रिप्रेझेंटेशन, म्हणजे पडद्यावर कोणाला आणि कसं दाखवतात ते, यासाठी आशियाई चेहरे मोजायचे का?

मोजायचे, ते पण करायला पाहिजे. सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २००७ ते २०१९ मधले अमेरिकेतले सगळ्यात जास्त चाललेले १३०० पिक्चर तपासले तर आशियाई किंवा पॅसिफिक बेटांवरच्या वंशाचा माणूस मुख्य भूमिकेत असलेले फक्त ४४ निघाले, आणि त्या ४४ पैकी १४ मध्ये तो माणूस म्हणजे एकटा ड्वेन जॉन्सन. हा आकडा बघितला की मोजणं कशाला असं कोणी म्हणणार नाही.

पण मोजून झाल्यावर खरा प्रश्न सुरू होतो, आणि कॉमेडीत तर तो फारच सोपा करून विचारता येतो: विनोद कोण करतंय आणि कोणावर होतोय? एखादा माणूस फक्त त्याच्या उच्चारामुळे किंवा नावामुळे हशा मिळवत असेल तर तो पडद्यावर दोन तास असला काय आणि नसला काय. इथे वाँग कुटुंबातल्या प्रत्येकाला येडेपणा करायची, चुकायची, भांडायची, पादचारी रस्त्यावर ज्याच्याकडे वळून बघणार नाहीत असं साधं असायची मुभा आहे. आदर्श आशियाई कुटुंब म्हणून कोणी मिरवत नाही. मला यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

प्र. आशियाई कलाकार तर हॉलिवूडमध्ये आधीपासून होते, मग यात नवीन काय?

होते ना, पण कसे होते ते बघा. १९३७ च्या 'द गुड अर्थ' मध्ये चिनी शेतकऱ्याच्या बायकोचा रोल लुईस रायनर या गोऱ्या नटीने केला आणि तिला ऑस्करही मिळालं, आणि त्या काळातली सगळ्यात प्रसिद्ध चिनी-अमेरिकन नटी ॲना मे वाँग त्या रोलसाठी आस लावून बसली होती तिला तो मिळाला नाही. नायकाचं काम गोऱ्या नटाकडे होतं आणि तेव्हाच्या सेन्सॉरच्या नियमात वेगवेगळ्या वंशाच्या स्त्री-पुरुषांचं प्रेम दाखवायला बंदी होती, म्हणजे नायक गोरा ठरला की नायिकाही गोरीच.

आता याच धाग्याचं दुसरं टोक बघा. आपल्या पिक्चरमधले आजोबा, गाँग गाँग, ते केलेत जेम्स हाँग यांनी. जन्म १९२९. हा माणूस १९५० च्या दशकापासून काम करतोय, चारशेच्या वर भूमिका, 'ब्लेड रनर' मध्ये कृत्रिम डोळे बनवणारा म्हातारा तोच, 'कुंग फू पांडा' मधल्या हंस बापाचा आवाज त्याचाच, आणि तरी एवढ्या वर्षांत लोकांना चेहरा माहीत पण नाव माहीत नाही अशी अवस्था. चांगले रोल मिळत नाहीत म्हणून १९६५ मध्ये त्याने आणि सोबतच्या कलाकारांनी लॉस एंजेलिसमध्ये 'ईस्ट वेस्ट प्लेयर्स' ही स्वतःची नाट्यसंस्था काढली, ती आजही चालू आहे. २०२३ मध्ये कलाकारांच्या युनियनचं बक्षीस घेताना, नव्वदी ओलांडलेली, त्याने स्टेजवर त्या जुन्या दिवसांची आठवण काढली जेव्हा गोऱ्या नटांचे डोळे पट्ट्या लावून ओढायचे आणि निर्माते म्हणायचे की आशियाई कलाकारांवर तिकिटं खपत नाहीत. ते भाषण शोधून नक्की बघा.

प्र. चिनी बाई आणि लाँड्री, हा तर तोच घिसापिटा साचा झाला ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा राग मला समजतो, पण या साच्यामागे खरा इतिहास आहे आणि तो माहीत झाला की पिक्चर वेगळाच दिसायला लागतो. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात आलेल्या चिनी लोकांना खाणीतून, कारखान्यांतून हळूहळू हुसकावलं गेलं आणि ज्या धंद्याला भांडवल कमी आणि इंग्रजी त्याहून कमी लागतं असा धंदा उरला तो म्हणजे कपडे धुण्याचा. मग तोही डोळ्यात खुपायला लागला. १८८० मध्ये सान फ्रान्सिस्कोने नियम काढला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची असेल तर परवानगी घ्या, शहरात लाँड्र्या होत्या सुमारे ३२० आणि त्यातल्या ३१० लाकडी इमारतीत, साधारण २०० चिनी मालकांनी अर्ज केले आणि सगळ्यांचे फेटाळले, बाकीच्यांमधल्या एकाला सोडून सगळ्यांना परवानगी. यिक वो या लाँड्रीचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १८८६ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं की नियम कागदावर सगळ्यांना सारखा असला तरी राबवताना भेदभाव केला तर तो घटनेविरुद्ध आहे. आणि याच दरम्यान, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी करणारा कायदा झाला, तो उठला थेट १९४३ मध्ये, तोही वर्षाला १०५ जणांचा कोटा ठेवून. दारं खऱ्या अर्थाने उघडली ती १९६५ च्या कायद्यानंतर.

म्हणून एव्हलिन पावत्यांचा ढीग घेऊन सरकारी टेबलासमोर बसते आणि समोरची बाई पावतीवर गोल काढून विचारते हे काय, तेव्हा मला त्या टेबलाला शंभर-सव्वाशे वर्षांची मुळं दिसतात. पिक्चर हे कुठेही भाषण देऊन सांगत नाही. उलट ज्या विश्वात ती सिनेस्टार आहे तिथला वेमंड, सूट घातलेला, श्रीमंत, रात्री गल्लीत उभा राहून तिला म्हणतो की दुसऱ्या एखाद्या जन्मी तुझ्याबरोबर नुसती लाँड्री आणि टॅक्स करत राहायला आवडलं असतं. ज्या लाँड्रीवरून इतकी वर्षं चिडवलं गेलं तीच एखाद्याला हवीहवीशी वाटते, साचा मोडायची याहून चांगली पद्धत मी तरी बघितली नाही.

प्र. मुख्य रोल आधी पुरुषासाठी लिहिला होता म्हणतात, खरं आहे का?

हो, सुरुवातीला जॅकी चॅन डोक्यात होता आणि एव्हलिन केलेली मिशेल योह त्याची बायको. नंतर दोन्ही डॅनियल्सनी तो रोल उलटवला आणि बाईला मध्यभागी आणलं, आणि गोष्ट एकदम आई आणि मुलीची झाली. पात्राचं नावही आधी मिशेलच ठेवलं होतं, ते मिशेल योहनेच बदलायला लावलं, कारण या बाईला तिची स्वतःची ओळख असली पाहिजे असं तिचं म्हणणं, आणि बरोबरच होतं ते. २०२० च्या सुरुवातीला शूटिंग झालं तेव्हा तिचं वय ५७. सायन्स फिक्शन ॲक्शन कॉमेडीत पन्नाशी उलटलेली, थकलेली, चिडचिडी बाई हिरो आहे, वयाचं हे वैविध्य लोक मोजायला विसरतात.

प्र. वेमंड इतका बावळट दाखवलाय, म्हणजे आशियाई पुरुषांची परत थट्टाच ना?

पहिला अर्धा तास तसं वाटतं खरं. कमरेला बॅग, सगळ्या वस्तूंवर प्लास्टिकचे हलते डोळे चिकटवणारा, टॅक्सवाल्या बाईला कुकीज देणारा. आणि हॉलिवूडचा इतिहास बघता संशय यायलाच पाहिजे, १९८४ च्या 'सिक्स्टीन कँडल्स' मध्ये एक आशियाई विद्यार्थी आहे, त्याचा उल्लेख आला की मागे घंटा वाजते, आणि ती घंटा कित्येक आशियाई मुलांना पुढे वर्गात ऐकावी लागली.

त्याच १९८४ मध्ये के हुई क्वान नावाचा छोटा मुलगा इंडियाना जोन्सच्या पिक्चरमध्ये झळकला. व्हिएतनाममधून निघालेलं कुटुंब, हाँगकाँगच्या निर्वासित छावणीत राहिलेला, मग अमेरिका. पुढच्या वर्षी 'द गूनीज'. आणि मग मोठा झाल्यावर रोल येणंच बंद झालं, त्याने फिल्मचं शिक्षण घेतलं आणि कॅमेऱ्यामागे गेला, २००० च्या 'एक्स-मेन' मध्ये मारामारी बसवायला मदत केली, हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वायकडे असिस्टंट म्हणून काम केलं. २०१८ मध्ये मुख्य कलाकार आशियाई असलेला 'क्रेझी रिच एशियन्स' बघून त्याला परत उभं राहावंसं वाटलं आणि त्यानंतर हा वेमंड. आता त्या कमरेच्या बॅगने सिक्युरिटी गार्डना लोळवणारा सीन बघा, ज्या बॅगेवरून आपण त्याला बावळट ठरवलं तेच त्याचं हत्यार. पण मोठी गोष्ट पुढे येते, जेव्हा तो सांगतो की माझं गोड वागणं म्हणजे भोळेपणा नाही, मी अशीच लढाई लढतो, आणि शेवटी एव्हलिन जिंकते ती त्याच्या पद्धतीने, समोरच्या प्रत्येकाला काय दुखतंय ते ओळखून. सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर त्याला मिळालं. या विभागात त्याच्याआधी जिंकलेला एकच आशियाई नट, 'द किलिंग फील्ड्स' साठी १९८५ मध्ये हाइंग न्गोर, तोही कंबोडियातून जीव वाचवून आलेला निर्वासित.

प्र. भाषा सारख्या का बदलतात? डोकं गरगरतं.

कारण अशा घरात तसंच बोलतात. एव्हलिन नवऱ्याशी मँडरिन आणि इंग्रजीची मिसळ करून बोलते, वडिलांशी कँटोनीज, आणि मुलीशी बऱ्यापैकी इंग्रजी, कारण मुलीची चिनी तोडकी आहे. कोणती भाषा वापरली यावरून कोण कोणाच्या किती जवळ आहे ते कळतं. जॉय आजोबांना आपल्या गर्लफ्रेंडची, बेकीची, ओळख करून देताना शब्द शोधत अडखळते, गर्लफ्रेंडला काय म्हणायचं ते तिला सुचत नाही, आणि तेवढ्या फटीत आई घुसते आणि सांगते की ही जॉयची खूप चांगली मैत्रीण. एक शब्द येत नव्हता म्हणून अख्खं नातं लपवलं गेलं. आणखी एक जागा आहे, एव्हलिन बेकीला इंग्रजीत चुकून 'तो' म्हणते आणि सांगते की चिनीत एकच शब्द, 'ता', किती सोपं. मराठीत आपल्याकडे तो, ती, ते, आणि क्रियापदही त्याप्रमाणे बदलणार, त्यामुळे ही गंमत आपल्याला समजायला एक सेकंद जास्त लागतो पण मग फार आवडते. सबटायटल्स लावूनच बघा, डब केलेलं बघितलं तर हे सगळं वाहून जातं.

प्र. जॉयला लेस्बियन दाखवणं हे उगाच घुसडलंय का?

नाही, आणि हे मी ठामपणे सांगते. काढून बघा म्हणजे कळेल, ते काढलं तर गोष्टच उरत नाही. एव्हलिन जन्मली तेव्हा डॉक्टर तिच्या बापाला सॉरी म्हणून सांगतो की मुलगी झालीय. त्याच बापाने पुढे लग्नावरून तिला तोडलं. आता तीच बाई, बापाला काय वाटेल या भीतीने, आपल्या मुलीचं प्रेम त्याच्यापासून लपवते, म्हणजे जे तिच्याशी झालं तेच ती पुढे देतेय, आणि सगळी विश्वं गिळायला निघालेली जोबू टुपाकी ही दुसरी कोणी नसून जॉयच आहे, आईने रेटत रेटत मोडलेली. विश्वाचा नाश आणि आईचं गप्प बसणं ही एकच गोष्ट आहे इथे.

आणि त्यात किती बारीक खरेपणा आहे! सुरुवातीला जॉय दुखावून निघालेली असते, आईला काहीतरी बोलायचं असतं, आणि तोंडातून निघतं काय तर तू जाड होत चाललीयस, नीट खात जा. हे वाक्य ज्यांनी आपल्या आईकडून ऐकलंय त्यांना पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही. शेवटी एव्हलिन वडिलांसमोर बेकी जॉयची गर्लफ्रेंड आहे हे मोकळेपणाने सांगते, आणि पार्किंगमध्ये मुलीला थांबवून परत तेच म्हणते की हो, तू जाड झालीयस, फोन करत नाहीस, टॅटू काढलास, आणि तरी मला इथेच तुझ्याबरोबर राहायचंय. ती बदलून गोडगोड आई होत नाही, तीच राहते. स्टेफनी शूने जॉयचं काम इतकं जबरदस्त केलंय की मला अजूनही वाटतं तिच्याबद्दल कमी बोललं जातं. काही देशांत, सौदी अरेबिया आणि कुवेत धरून, या नात्यामुळेच पिक्चर लागू शकला नाही.

प्र. हॉटडॉगच्या बोटांचं विश्व कशासाठी? नुसता चावटपणा?

आधी चावटपणाच. पण त्या विश्वात एव्हलिन आणि टॅक्सवाली डिअर्ड्रे एकमेकींवर प्रेम करतात, आणि मुलीचं नातं न पचणाऱ्या आईला स्वतः एका बाईच्या प्रेमात पडलेलं बघावं लागतं. तो सीन शेवटी शेवटी चक्क हळवा होतो.

प्र. जेमी ली कर्टिसला ऑस्कर मिळालं यावरून लोक नाराज का झाले?

कर्टिसने टॅक्सवाली डिअर्ड्रे केलीय, आणि सहाय्यक अभिनेत्रीच्या त्याच विभागात स्टेफनी शू पण होती, शिवाय अँजेला बॅसेट आणि हाँग चाऊ. आशियाई कुटुंबाच्या गोष्टीत बक्षीस गोऱ्या नटीला गेलं हे बऱ्याच जणांना लागलं आणि मला विचाराल तर तो पुरस्कार शूचाच होता. तरीपण कर्टिसने केलेलं काम कमी लेखू नये. पोट आत ओढून बसायचं नाही हे तिने या रोलमध्ये ठरवून केलं आणि तसं जाहीरपणे लिहिलंही, आणि पडद्यावर सामान्य शरीराची मध्यमवयीन बाई दिसणं हेही रिप्रेझेंटेशनच आहे.

प्र. एव्हलिनला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, आहे का?

पिक्चरमध्ये कोणी तसं म्हणत नाही, पण लिहिताना तो विचार होता. त्यासाठी वाचन करता करता डॅनियल क्वानला आपल्यालाच एडीएचडी असावा असं जाणवलं आणि पुढे निदान झालं. एकाच वेळी दहा दिशांना ओढलं जाणारं मन कसं असतं ते एडिटिंगमधून अनुभवायला मिळतं.

प्र. मग सगळं बरोबरच केलंय का? काही चुकलं नाही?

चुकलंय. लाँड्रीत येणारी एक गिऱ्हाईक आहे, जेनी स्लेटने केलेली, तिचं नाव नाकावरून ठेवलं होतं, 'बिग नोज'. जेनी स्लेट ज्यू आहे आणि ज्यूंना नाकावरून हिणवण्याचा फार जुना आणि घाणेरडा इतिहास आहे. लोकांनी दाखवून दिल्यावर डिजिटल आवृत्तीत श्रेयनामावलीतलं नाव बदलून 'डेबी द डॉग मॉम' केलं. एका समाजाचं दुःख इतक्या नाजूकपणे मांडणाऱ्या लोकांकडून दुसऱ्याच्या बाबतीत असं होऊ शकतं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आणि अजून एक, आशियाई म्हटलं की पूर्व आशियाईच डोळ्यासमोर येतात, आपल्यासारखे दक्षिण आशियाई या गोष्टीत नाहीतच. ती या पिक्चरची चूक म्हणता येणार नाही, एक कुटुंब म्हणजे एक कुटुंब, पण आशियाईंचा विजय असं सरसकट म्हणताना थोडं थांबावं.

प्र. डायव्हर्सिटीच्या नियमांमुळे ऑस्कर मिळालं म्हणतात ते खरं का?

नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०२० मध्ये जे निकष जाहीर केले ते पाळणं सक्तीचं झालं २०२४ च्या सोहळ्यापासून. हा पिक्चर जिंकला १२ मार्च २०२३ ला, ११ नामांकनं आणि ७ पुरस्कार: चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा, एडिटिंग आणि अभिनयाचे तीन. अभिनयाचे तीन आणि वर सर्वोत्कृष्ट चित्रपट, असं आधी कोणालाच जमलं नव्हतं. बदल झालाय तो मतदारांमध्ये, २०१५ पासून 'ऑस्कर्स सो व्हाइट', म्हणजे ऑस्कर सगळे गोऱ्यांनाच, अशी ओरड झाल्यावर अकादमीने सदस्य वाढवले, बायका, वेगवेगळ्या वंशाचे लोक, अमेरिकेबाहेरचे. आणि प्रेक्षकांनी तर आधीच मत दिलं होतं, जगभरात १० कोटी डॉलरच्या वर कमाई, ए२४ या छोट्या कंपनीसाठी ते पहिल्यांदाच.

प्र. मिशेल योह ही बेस्ट ॲक्ट्रेस मिळवणारी पहिली आशियाई बाई का?

जिंकणारी पहिली, हो. गोऱ्या नसलेल्या बायकांमध्ये दुसरी, हॅली बेरी २००२ मध्ये जिंकली होती, मध्ये २१ वर्षं गेली. पण नामांकनाच्या बाबतीत 'स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली' असं लिहितात, आणि या लांबलचक शब्दांमागे मर्ल ओबेरॉन आहे. मुंबईत १९११ मध्ये जन्मलेली, १९३५ च्या 'द डार्क एंजल' साठी तिला नामांकन होतं, आणि आपली मुळं कळली तर करिअर संपेल म्हणून ती आयुष्यभर टास्मानियात जन्मले असं सांगत राहिली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एव्हलिनचीच आठवण आली, ती पण बापासमोर एक वाक्य लपवत असते.

प्र. घरच्यांबरोबर बघता येईल का?

लहान मुलं असतील तर नको, अमेरिकेत याला आर रेटिंग आहे, मारामारीत लैंगिक खेळणीसुद्धा वापरलीत आणि तेव्हा सोफ्यावर सगळे गप्प होतील. आईबरोबर बघा असं मात्र मनापासून सांगेन, १३९ मिनिटं आहेत, मध्ये थांबवू नका. दोन दगड दरीच्या कडेला बसलेले दिसतील आणि आवाज पूर्ण बंद होईल, तेव्हा टीव्ही बिघडला समजून रिमोट शोधू नका, दगड बोलतायत, खाली वाचा.